कोकोचं पान कसं वाढावं
बेंगळुरात नव्याने कुत्रं पाळणाऱ्या मराठी कुटुंबांसाठी प्राथमिक मार्गदर्शन

बेंगळुरात कुत्र्याने काय खावं याचा एक सरकारी मेनू आहे. जुलै २०२५मध्ये इथल्या महापालिकेने भटक्या कुत्र्यांना रोज एक वेळ जेवू घालायचं ठरवलं आणि त्यासाठी रीतसर निविदा काढली. कुत्री पाच हजार, आणि पान असं : चिकन १५० ग्रॅम, भात १०० ग्रॅम, भाज्या १०० ग्रॅम, तेल १० ग्रॅम, मीठ ५ ग्रॅम, हळद अडीच ग्रॅम. उष्मांक ४६५ ते ७५०. दर पानामागे खर्च २२ रुपये ४२ पैसे. ज्या राज्यात शाळेच्या माध्यान्ह भोजनात अंडं द्यावं की केळं, यावर राजकारण रंगतं, तिथे गल्लीतल्या कुत्र्याला चिकन मंजूर झाल्याचं वाचून लोक हसले, चिडले, खड्ड्यांची आठवण करून देऊ लागले. हळदीचं प्रमाण अडीच ग्रॅमपर्यंत ठरवणारा तो अज्ञात अधिकारी मात्र माझ्या मते कौतुकाला पात्र आहे. त्याच्या घरी नक्की कुणीतरी आजी असणार.

हा मेनू वाचून बाजूला ठेवा. तुमच्या कुत्र्याला मालक आहे, आणि मालक असलेल्या कुत्र्याचं जेवण इतकं सोपं असून चालत नाही. पुढे त्याला कोको म्हणू. तुम्ही त्याचं नाव मोती किंवा वाघ्या ठेवलं असेल तर अभिनंदन, पण लेआउटच्या बागेत हाक मारताना जरा हळू.

पायरी पहिली : सल्लामसलत

खाणार कोको असला तरी निवड त्याच्यावर सोडू नये. त्याची निवड झालेली आहे : तुमच्या ताटातलं. तेव्हा इतरांना विचारा. या शहरात उन्हाळ्यात पाण्याची टंचाई पडते, सल्ल्याची नाही. सोसायटीच्या ‘पेट पेरेंट्स’ ग्रुपवर एवढंच लिहा : ‘लॅब्रॅडोर, तीन महिने, काय द्यावं?’ आणि फोन पालथा ठेवून अंघोळ करून या. तेवढ्यात ग्रुपचे तीन तट पडलेले असतील. एक पिशवीवाल्यांचा, म्हणजे कंपनीचं कोरडं किबल देणाऱ्यांचा. दुसरा घरचं शिजवून घालणाऱ्यांचा. तिसरा कच्च्या मांसवाल्यांचा. हे थोडे असतात पण त्यांचा आवाज मोठा असतो. ‘लांडगा काय किबल खातो का?’ हा त्यांचा बिनतोड सवाल.

लांडगा लिफ्टने खाली उतरत नाही, हे त्यांना सांगण्यात अर्थ नाही. स्वीडनमधल्या संशोधकांनी २०१३ साली ‘नेचर’मध्ये दाखवून दिलं, की पिष्टमय पदार्थ पचवणारं जे अमायलेज, त्याच्या जनुकाच्या प्रती कुत्र्यात लांडग्यापेक्षा कितीतरी जास्त असतात. माणसाच्या उकिरड्याशेजारी हजारो वर्षं काढून कुत्रा भात-भाकरी पचवायला शिकला. शिवाय कच्च्या चिकनमधला साल्मोनेला कोकोला एक वेळ सोसेल, पण त्याच्या तोंडाची पापी घेणाऱ्या तुमच्या लेकाला सोसेलच असं नाही. हेही ग्रुपवर टाकू नये. ग्रुप सोडावा लागतो.

ग्रुपखेरीज आणखी तीन तज्ज्ञ असतात. ज्याच्याकडून पिल्लू आणलं तो ब्रीडर, पेट शॉपमधला मुलगा (कंपनीचा टी-शर्ट हीच त्याची पदवी) आणि गावाहून फोनवर आई. आईचं म्हणणं एका वाक्याचं असतं : आपल्या राजाला कुणी कधी काय मोजून दिलं होतं? राजा पंधरा वर्षं जगला. तो दिवसभर गावभर हिंडत होता आणि रात्री उरलंसुरलं खात होता, हा भाग त्या वाक्यात येत नाही.

पायरी दुसरी : पिशवी

कुत्र्याचं अन्न पिशवीतून विकत घ्यायची युक्ती इंग्लंडात निघाली. जेम्स स्प्रॅट नावाचा अमेरिकन गृहस्थ १८६०च्या सुमारास लंडनमध्ये कुत्र्यांची बिस्किटं विकू लागला. त्याआधी तो विजेपासून इमारत वाचवणारे दांडे विकत असे. बंदरावरची कुत्री जहाजावरची टणक बिस्किटं खाताना पाहून त्याला ही कल्पना सुचली असं सांगतात. म्हणजे या धंद्याचा पाया पोषणशास्त्रज्ञाने नाही, विक्रेत्याने घातला. दुकानात शिरताना तेवढं लक्षात असलेलं बरं.

आता पिशवी समोर घ्या. दर्शनी बाजूला बर्फाच्छादित डोंगर, डोंगरावर लांडग्यासारखा कुणीतरी, खाली सामन मासा आणि चार ब्लूबेऱ्या. कोको कधी डोंगरावर जाणार नाही. नंदी हिल्सला नेलात तरी सकाळच्या ट्रॅफिकमध्ये तो गाडीतच झोपेल. ब्लूबेऱ्या पिशवीत असतात, पण चित्रात जेवढ्या दिसतात तेवढ्याच असाव्यात अशी माझी शंका आहे.

पिशवी उलटी करा. खरं काय ते मागे, मुंगीच्या पायाएवढ्या अक्षरात असतं. घटकपदार्थ वजनाच्या उतरत्या क्रमाने छापलेले असतात, आणि हे वजन पाण्यासकट धरलेलं असतं. ताज्या चिकनचा जवळजवळ पाऊण हिस्सा पाणीच. त्यामुळे ‘ताजं चिकन’ यादीत पहिलं येतं, दाणा भाजून सुकला की ते पाणी उडून जातं आणि खरा पहिला नंबर मका किंवा तांदूळ यांचा लागतो. त्यापेक्षा दिसायला कळकट वाटणारं ‘चिकन मील’, म्हणजे सुकवून दळलेलं चिकन, प्रथिनांत कधी कधी सरस असतं. तसंच डब्यातल्या ओल्या अन्नावर प्रथिनं १० टक्के आणि किबलवर २४ टक्के पाहून डबा खाली ठेवू नका. डब्यात ७८ टक्के पाणी असतं. ते वजा केलं तर १० चे ४५ होतात, आणि किबलमधलं १० टक्के पाणी वजा करून २४ चे जेमतेम २७.

शोधायचा शब्दप्रयोग एकच : ‘कम्प्लीट अँड बॅलन्स्ड’, आणि त्यापुढे कुठल्या वयासाठी ते. हा नसेल आणि ‘कॉम्प्लिमेंटरी’ किंवा ‘ट्रीट’ असं असेल, तर ते जेवण नव्हे, तोंडीलावणं. मोठ्या जातीच्या पिल्लासाठी ‘लार्ज ब्रीड पपी’ लिहिलेलंच घ्यावं. लॅब्रॅडोर, जर्मन शेफर्ड, ग्रेट डेन यांची हाडं वाढत असताना कॅल्शियम जास्त झालं तर हाडं मजबूत होत नाहीत, वेडीवाकडी होतात. आणि नेमकं याच वयात ब्रीडर, आई आणि टी-शर्टवाला मुलगा या तिघांचं एकमत होतं, ते कॅल्शियमच्या सिरपवर! तिघांचं एकमत झालं की सावध व्हावं.

‘ग्रेन फ्री’ लिहिलेल्या पिशव्यांकडे उच्चभ्रू वस्तीत मोठ्या आदराने पाहिलं जातं. गहू-तांदूळ काढून त्या जागी वाटाणा, मसूर, बटाटा. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने अशा खाण्याचा कुत्र्यांच्या हृदयविकाराशी काही संबंध आहे का, याची चौकशी २०१८ साली सुरू केली. पक्का कार्यकारणभाव सिद्ध झाला नाही, पण धान्य काढल्याने कोकोचं काही भलं होतं असंही सिद्ध झालं नाही. तुम्ही स्वतः ग्लूटेन सोडलंय म्हणून त्यानेही सोडावं, हे प्रेम झालं, कारण नव्हे.

दुकानाच्या दारात उघड्या पोत्यातून किलोवर ‘लूज’ मिळतं ते घेऊ नका. त्यातली चरबी हवा लागून खवट होते, आणि पोत्यावर तारीख कुठली हे विचारलंत तर मुलगा टी-शर्टकडे बोट दाखवतो. घरी आणलेली पिशवीही स्टीलच्या डब्यात ओतून मोकळी करायची आपली सवय इथे सोडावी. पिशवीचं तोंड चिमट्याने बंद करून, पिशवीसकट डब्यात. आणि अन्न बदलायचं तर एकदम नाही. आठवडाभरात जुन्यात नवं थोडं थोडं वाढवत न्यायचं, पाव हिस्सा, अर्धा, पाऊण. नाहीतर मध्यरात्री लिफ्टच्या बाहेर काय पुसावं लागतं ते सोसायटीच्या सीसीटीव्हीवर सगळ्यांना दिसतं.

पायरी तिसरी : ओनर

बसवनगुडी, मल्लेश्वरम, जयनगर इथे भाड्याने राहणाऱ्यांनी ही पायरी दोनदा वाचावी. ओनर खाली राहतो, सज्जन असतो, आणि करार करताना एकच अट घालतो : कुत्रं चालेल, नॉनव्हेज नको. सही तुम्ही करता. कोको करत नाही.

पहिला मार्ग बाल्कनीचा. इंडक्शनची शेगडी, लहान कुकर, त्यात चिकन, तीन शिट्ट्या. शिट्टीला जात-धर्म नसतो, वासाला असतो. त्यासाठी शेजारी अगरबत्ती लावतात. म्हैसूरची घ्यावी, स्थानिक उद्योगाला तेवढाच हातभार. ओनरच्या आई वर येऊन ‘आज कसली पूजा?’ असं विचारतील. रोज पूजा करणारं भाडेकरू कुटुंब म्हणून तुमची कीर्ती पसरेल आणि पुढच्या वर्षी भाडं वाढताना तिचा उपयोग होणार नाही.

दुसरा मार्ग दहीभाताचा. नंदिनीचं दही, सोना मसुरीचा भात, वर चिमूटभर हिंग. मराठी आणि कन्नड दोन्ही मनांना हे पटतं. कोकोलाही पटतं, तो वाटी चाटून सरकवत सोफ्याखाली नेतो. अडचण गणिताची आहे. कुत्र्याला दर हजार कॅलरीमागे निदान ४५ ग्रॅम प्रथिनं मिळावीत असं अमेरिकेतलं मानक सांगतं. शिजलेल्या भातातून हजार कॅलरीमागे वीसच्या आसपास मिळतात. दह्याने आकडा वर सरकतो, पण आपल्याकडे दहीभातात दही किती आणि भात किती हे पाहुणे किती आलेत त्यावर ठरतं. जस्त, तांबं, काही जीवनसत्त्वं, आवश्यक स्निग्धाम्लं यांचा तर त्यात तुटवडाच असतो. वर्षभर दहीभातावर वाढलेला कुत्रा गुटगुटीत दिसतो, त्याचे केस निस्तेज होतात आणि पायऱ्या चढताना तो मध्येच बसतो. घरचे म्हणतात, किती शांत स्वभाव आहे!

कुत्रा शाकाहारी राहूच शकत नाही असं मात्र नाही. डाळ, सोयाबीन, दूधदुभतं, जमल्यास अंडं आणि वर पशुवैद्याने मोजून दिलेली पूरकं, असं नीट बसवलं तर जमतं. अंडं व्हेज की नॉनव्हेज, हे ओनरच्या आईंना विचारू नये. बिनविचारलेल्या प्रश्नांवरच भाडेकराराचं आयुष्य अवलंबून असतं.

मांजर असेल तर हा सगळा प्रयोगच बंद. मांजर पक्कं मांसाहारी. टॉरीन नावाचं द्रव्य त्याच्या शरीरात पुरेसं तयार होत नाही, ते मांस-मासळीतून मिळावं लागतं. ते कमी पडलं की मांजराचं हृदय फुगून निकामी होतं, हे अमेरिकेत १९८७ साली ध्यानात आलं आणि त्यानंतर कंपन्यांनी मांजरांच्या अन्नात टॉरीन वाढवलं. साखरेची गोडी ओळखणारं जनुकही मांजरात बंद पडलेलं आहे, २००५ साली ते सापडलं. तेव्हा तुमचं मांजर श्रीखंड आवडीने खातं ते गोडीसाठी नव्हे, स्निग्धासाठी. आणि बशीभर दूध हे चित्रातल्या मांजराचं खाणं. मोठ्या झालेल्या बऱ्याच मांजरांना दूध पचत नाही. शाकाहारी मांजर हवंच असेल तर ससा पाळा.

पायरी चौथी : अस्मिता

पिशवी नको, चिकन नको, तर मग देशी पथ्य. हा पंथ बेंगळुरात झपाट्याने वाढतोय आणि त्याचं दैवत आहे मुधोळ हाउंड. इथे मराठी माणसाने थोडा आवाज चढवायला हरकत नाही, कारण मुधोळ आज बागलकोट जिल्ह्यात असलं तरी संस्थान घोरपड्यांचं. आपल्याकडे ज्याला कारवानी म्हणतात, त्या लांबट, सडपातळ, वाऱ्यासारख्या धावणाऱ्या कुत्र्यांची निगराणी राजे मालोजीराव घोरपडे यांनी केली आणि त्यांतली जोडी इंग्लंडच्या पाचव्या जॉर्जला भेट दिली. २००५ साली या कुत्र्यावर टपाल तिकीट निघालं, २०१६मध्ये लष्कराने काही पिल्लं मेरठला प्रशिक्षणासाठी नेली. त्यानंतर सर्जापूर रोडवरच्या अकराव्या मजल्यांवरही मुधोळ दिसू लागले.

त्याचं पारंपरिक खाणं म्हणून गावाकडची मंडळी सांगतात : ज्वारीची भाकरी, दूध-ताक आणि स्वतः धरलेला ससा. शहरात यातलं ससा वगळून बाकीचं पथ्य पाळतात. ससा वगळला की त्या पथ्यातली बहुतेक प्रथिनं वगळली जातात, पण फोटोत भाकरी छान येते.

मुधोळ पाळणाऱ्यांना एक वेगळा त्रास असतो, तोही सांगून ठेवतो. या कुत्र्याच्या मागच्या दोन-तीन फासळ्या दिसणं हे त्याच्या तब्येतीचं लक्षण आहे. शेजारच्या आंटींना ते तुमच्या कंजूषपणाचं लक्षण वाटतं. त्या रोज विचारतील, ‘ऊटा आयता?’ जेवण झालं का, ही बेंगळुरातली साधी रामराम करायची पद्धत. पण त्या कुत्र्याकडे बघून विचारतात. आणि कुत्रा चेहऱ्यावर असे भाव आणतो, की परवापासून आयता नाही. मग आंटी आत जाऊन डोसा घेऊन येतात.

नाचणीचं थोडं वेगळं. जुन्या म्हैसूर भागात शेतावरच्या कुत्र्यांना नाचणीचे मुद्दे, म्हणजे शिजवलेल्या पिठाचे गोळे, घालायची पद्धत आहेच. २०२३ हे आंतरराष्ट्रीय भरडधान्य वर्ष झालं आणि तीच नाचणी ‘मिलेट बोल’ होऊन परत आली. चांगलं धान्य आहे. शंभर ग्रॅममध्ये ३५० मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम, हे ग्रुपवर सगळ्यांना पाठ असतं. पण तीस किलोच्या कुत्र्याची कॅल्शियमची रोजची गरज एकट्या नाचणीतून भागवायची तर अर्धा किलो पीठ लागेल, आणि त्यातलंही बरंचसं नाचणीतलंच फायटेट अडवून धरतं. भाताऐवजी नाचणी द्या, मांसाऐवजी नको.

पायरी पाचवी : वाढदिवस

केक करून मिळतो. मेणबत्ती फुंकायला माणूस लागतो. यावर जास्त काही लिहिण्यासारखं नाही. कुणी नाक मुरडलं तर छत्रपती शाहूंच्या खंड्याचं नाव घ्यावं. त्याने महाराजांना वाघापासून वाचवलं, म्हणून त्याच्या नावे जहागीर आणि पालखीचा मान दिल्याचं सांगतात. त्याची समाधी साताऱ्याजवळ संगम माहुलीला आहे. कोकोने आजवर फक्त स्विगीवाल्यापासून तुम्हाला वाचवलं आहे, त्या मानाने केक परवडतो.

पायरी सहावी : सणवार

इथे जरा गंमत बाजूला ठेवतो, कारण मराठी सात्त्विक घरातच कोकोला जास्त धोका आहे. आपण कांदा-लसूण टाळून नैवेद्य करतो, ते त्याच्या फायद्याचंच. कांदा आणि लसूण, कच्चे, शिजवलेले किंवा पूड केलेले, कुत्र्या-मांजरांच्या तांबड्या रक्तपेशी फोडतात. पण त्याच नैवेद्यात बेदाणे असतात. सत्यनारायणाच्या शिऱ्यात, साखरभातात, खिरीत. द्राक्षं आणि बेदाणे काही कुत्र्यांची मूत्रपिंडं निकामी करतात आणि किती खाल्ले म्हणजे धोका, याची सुरक्षित मर्यादा नाही. वर्षानुवर्षं कारण कळत नव्हतं. २०२१मध्ये अमेरिकेतल्या पशुवैद्यांनी टार्टारिक आम्लाकडे बोट दाखवलं. आता जरा विचार करा, हे आम्ल आणखी कशात भरपूर असतं? चिंचेत. म्हणजे पुळियोगरे, बिसिबेळे भात, सांबार. ज्या शहरात दर दुसऱ्या पानात चिंच पडते तिथे ‘थोडासा भात कालवून देऊ’ हे वाक्य मनातल्या मनात म्हणावं आणि तिथेच थांबावं.

बाकीची यादी झटपट. चॉकलेट, आणि जितकं काळं तितकं वाईट, म्हणून दिवाळीत ऑफिसातून आलेले डबे टीपॉयवर नकोत. शुगर फ्री च्युइंगगम आणि काही पीनट बटरमधलं झायलिटॉल. बिर्याणीतली हाडं, कारण शिजलेलं हाड फुटून सुईसारखं टोचतं. मटणाची चरबी, कारण स्वादुपिंड सुजतं. यातलं काही पोटात गेलं तर ‘बघू सकाळपर्यंत’ म्हणू नका. मूत्रपिंडाची लक्षणं दिसायला एक-दोन दिवस लागतात आणि दिसली की उशीर झालेला असतो. उलटी व्हावी म्हणून मीठपाणी पाजू नका. मिठाची विषबाधा हा दुसरा आजार आहे. खाल्लेल्या वस्तूचं वेष्टन उचला आणि डॉक्टरांकडे निघा. रात्री उघडा असलेला दवाखाना कुठे आहे हे पिल्लू आणलं त्याच आठवड्यात शोधून ठेवलेलं असावं, आणि तो सिल्क बोर्डच्या पलीकडे नसावा.

पायरी सातवी : तराजू

इथवर आलात म्हणजे काय द्यायचं हे तुम्ही ठरवलं असेल, आणि बहुतेक तुमचं बरोबरच असेल. आता ज्या पायरीवर पेट शॉपमधला मुलगा, ग्रुप आणि आई तिघंही गप्प बसतात ती : किती?

फोनमधला कॅल्क्युलेटर काढा. कोकोचं वजन किलोत घ्या, त्याचा घन करा, आलेल्या आकड्याचं वर्गमूळ काढा, परत एकदा वर्गमूळ काढा आणि ७० ने गुणा. तीस किलोच्या लॅब्रॅडोरसाठी घन २७०००, पहिलं मूळ १६४, दुसरं साधारण १२.८, गुणिले ७० म्हणजे ९०० कॅलरीच्या आत-बाहेर. ही नुसतं पडून राहायची गरज. नसबंदी झालेल्या, घरात राहणाऱ्या मोठ्या कुत्र्यासाठी तिला १.६ ने गुणतात. आले १४३५. बहुतेक किबलमध्ये शंभर ग्रॅमला ३५० कॅलरीच्या आसपास असतात, म्हणजे दिवसाला ४१० ग्रॅम, दोन वेळांत विभागून. हे स्वयंपाकघरातल्या वजनकाट्यावर मोजायचं. चहाच्या कपाने मोजलं तर प्रत्येकाचा कप वेगळा निघतो.

हाच हिशोब पंधरा किलोच्या रस्त्यावरच्या कुत्र्याचा केला तर पडून राहायचे ५३३ आणि हिंडण्या-फिरण्यासकट साडेआठशे येतात. पालिकेच्या पानात ४६५ ते ७५० होते. म्हणजे उकिरड्यावरची वरकमाई धरली तर २२ रुपये ४२ पैशांत हिशोब अगदी चोख. मीठ तेवढं मी कमी केलं असतं. बंगल्यातल्या कुत्र्यांपैकी कितींचं पान असं ग्रॅमवर लिहिलेलं असतं, हा प्रश्न मला त्या निविदेनंतर पडला. तिची टिंगल करणाऱ्या कुणीही तो विचारला नाही.

त्यात खाऊ. खाऊ दिवसाच्या कॅलरीच्या दहा टक्क्यांवर जाऊ नये. सहा किलोच्या शिह त्झूला दिवसाला ४३० कॅलरी लागतात, दहा टक्के म्हणजे ४३. एका पार्ले-जी बिस्किटात सुमारे २५. दोन बिस्किटं झाली की त्याचा त्या दिवसाचा कोटा संपून वर उधारी सुरू. गेटवरच्या सिक्युरिटीच्या खिशात पुडा असतो, हे वेगळं सांगायला नको.

अमेरिकेत एका पेट फूड कंपनीच्या शास्त्रज्ञांनी ४८ लॅब्रॅडोरांच्या जोड्या लावल्या. जोडीतल्या एकाला जेवढं मिळेल त्याच्या पाऊण हिस्साच दुसऱ्याला, आणि तेही आयुष्यभर. २००२मध्ये निकाल छापून आला. कमी खाणाऱ्यांचं मध्यक आयुष्य १३ वर्षं, भावंडांचं ११.२. अन्न दोघांचं एकच होतं. कमी खाणाऱ्यांची सांधेदुखीही उशिरा सुरू झाली. अन्न विकणाऱ्या कंपनीच्या पैशाने निघालेला हा निष्कर्ष, की कमी अन्न द्या! तरीही कुठल्या पिशवीच्या दर्शनी बाजूला तो छापलेला मी पाहिलेला नाही.

काटा नसेल तर हात आहे. कोकोच्या बरगड्यांवर बोटं फिरवा. मूठ वळून तिच्या उंचवट्यांवरून बोट फिरवल्यावर लागतं तसं लागलं तर तो रोड आहे. पंजा सपाट पसरून त्याच्या मागच्या बाजूवरून बोट फिरवल्यावर हाडं जेवढी कळतात तेवढी कळली, तर उत्तम. तळव्याच्या बाजूवरून फिरवल्यासारखं मऊच लागलं, तर चला डॉक्टरकडे.

पायरी आठवी : डॉक्टरकडे

सगळ्यांनी मिळून जावं. डॉक्टर कोकोला काट्यावर चढवतील, काटा ४१ दाखवेल, आणि ते सवयीने विचारतील, ‘काय काय खातो?’ तुम्ही फोन काढून तक्ता दाखवा : किबल ४१० ग्रॅम, दोन वेळा, मोजून. डॉक्टर तक्त्याकडे बघतील, कोकोकडे बघतील आणि काही न बोलता तुमच्या बायकोकडे वळतील. ती म्हणेल, ‘दुपारी माझ्याबरोबर चमचाभर दहीभात, बस.’ उन्हाळ्याला आलेल्या आई म्हणतील, ‘पोळीचा तुकडा देते, तूप लावून. कोरडी कशी द्यायची मुक्या जनावराला?’ मुलगा छताकडे बघत राहील. त्याच्या टिफिनमधल्या सँडविचच्या कडा कुठे जातात हे त्याच्या आईला आताच कळलेलं असतं. डॉक्टर लिहीत राहतील.

या वेळी साखळी धरून उभ्या असलेल्या डॉग वॉकरकडे कुणाचं लक्ष नसतं. त्यालाही विचारावं. तो जरा संकोचून सांगेल, ‘सकाळी कोपऱ्यावरच्या दर्शिनीत दोन इडल्या, सर. पण चटणी कधीच घालत नाही. चटणीत कांदा असतो ना?’